उलटं झाकण

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पट्टा सुरू झाला होता. हॉस्पिटलच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात हा रबरी पट्टा आहे. रोज सकाळी त्याच्यावरून तीनशे बारा ताटं सरकत जातात. एका टोकाला कार्डवाली उभी राहते आणि प्रत्येक रिकाम्या ताटात खाटेचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवते. पुढे लापशी, मग अंडं, मग पाव, मग लोण्याची वडी. अगदी शेवटी ती. कार्ड वाचायचं, त्याप्रमाणे ताटात सगळं आलंय का ते बघायचं आणि वर स्टीलचं झाकण ठेवायचं, एवढं तिचं काम. एका ताटाला चार सेकंद मिळतात. हे काम ती चौदा वर्षं करते आहे, त्यामुळे तिथे तिला सगळे 'झाकण'च म्हणतात.

"झाकण, तुझ्या स्वेटरमधून चुरा पडतोय," शेजारची पाववाली म्हणाली. पाववाली तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. हात चालू असताना तोंड बंद ठेवणं तिला आजवर जमलेलं नाही.

त्या दिवशी तळघरातला हीटर बंद होता, म्हणून सगळ्यांनी ॲप्रनखाली आपापले स्वेटर घातले होते. तिने डाव्या हाताने खिसा चाचपला. उजव्या हाताचं झाकण वेळेवर पडलं. खिशात पावाचा तुकडा होता, कडक झालेला. गेले कित्येक आठवडे असा तुकडा तिला सापडत होता. कधी खिशात, कधी पिशवीत, एकदा तर बुटात. आल्या आल्या ती तो कचऱ्यात टाकायची आणि कुणाला काही बोलायची नाही. या स्वयंपाकघरातून पावाचा चतकोरही बाहेर न्यायला बंदी आहे. आपलाच हात पट्ट्यावरून पाव उचलतो आणि आपल्याला कळत नाही, असं तिने धरून चाललं होतं. त्याचं तिला फारसं नवलही वाटलं नव्हतं. नवरा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत अशा बऱ्याच गोष्टी तिच्या हातून परस्पर होत होत्या.

"बघू," पाववालीने मान वाकडी केली. "हा आपला नाही गं."

"म्हणजे?"

"आपला चौकोनी. साच्यातला. याला गोल कड आहे. कुठल्या दुसऱ्या पाववालीशी संधान बांधलंस का काय?"

पलीकडचा अंडी ठेवणारा हसला. ती हसली नाही, पण तुकडा कचऱ्यात न टाकता तिने परत खिशात ठेवला. गोल पाव तिच्या घरी येतो, कोपऱ्यावरच्या बेकरीतून. तेवढ्यात सातव्या वॉर्डाची ताटं आली आणि ती पुढचं कार्ड वाचू लागली.

कार्डांचे रंग ठरलेले आहेत. पांढरं म्हणजे पूर्ण आहार, पिवळं म्हणजे मऊ, निळं म्हणजे पातळ. लाल कार्डावर एकच शब्द छापलेला असतो : उपाशी. म्हणजे डॉक्टरांनी या माणसाला तोंडाने काहीही द्यायला मनाई केली आहे. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या आतड्यांना विश्रांती द्यायची असते, आणि काहींच्या बाबतीत आता देण्यात अर्थ उरलेला नसतो. ताटांची आणि खाटांची संख्या जुळावी लागते, म्हणून लाल कार्डाचं ताटही पट्ट्यावरून जातं, रिकामं. त्यावर झाकण उलटं ठेवायचं, मूठ खाली. वॉर्डातल्या बाईला मग ते उघडून बघावं लागत नाही आणि कुणाच्या पुढ्यात रिकामं ताट जात नाही.

तिचा नवरा सातव्या वॉर्डात एकोणीस नंबरच्या खाटेवर एक्केचाळीस दिवस होता. तो ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. पोटात दुखतं म्हणून आला आणि राहिला. मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. ती दुपारी घरी गेली की तिघं विचारायची, आज बाबांनी काय खाल्लं? तिला ते कार्डावरून माहीत असायचं. "पूर्ण," ती सांगायची. पंधरा दिवसांनी ती "मऊ" म्हणायला लागली. नंतर "पातळ". शेवटचे नऊ दिवस तिने "उपाशी" एवढंच सांगितलं. त्या नऊ सकाळी ७-१९ चं रिकामं ताट तिच्यासमोर आलं आणि तिने त्यावर झाकण उलटं ठेवलं. पट्टा थांबवायचं लाल बटण तिच्या हाताशीच असतं. ते तिने कधी दाबलं नाही. दहाव्या दिवशी तो गेला आणि तिने रजा घेतली. त्यानंतर पाचव्या दिवशी ती कामावर परत आली, तेव्हा ७-१९ वर पांढरं कार्ड होतं. कुणीतरी नवीन माणूस आला होता. ताटात लापशी, अंडं, पाव, लोणी. सगळं बरोबर होतं. तिने झाकण सरळ ठेवलं.

तेव्हापासून मुलांना भूक लागते. थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी साडेपाचची. दुपारी अडीचला ती जिना चढते, तेव्हा दारातच धाकटी असते. "आई, भूक." चप्पल काढायच्या आत मधलाही येतो. ती बटाटे उकडते, भात लावते, अंडी फोडते. मुलं ताटं घेऊन ओट्यापाशी रांगेत उभी राहतात. ती वाढते आणि "पुढचा" म्हणते. आधी ही गंमत होती. बाबा शेवटी उभे राहायचे आणि "माझं पांढरं कार्ड आहे हं" म्हणायचे. आता ती गंमत राहिलेली नाही, पण रांग राहिली आहे. वाढून झालं की ती भांडी घासायला घेते. जेवायला बसत नाही. तिचं जेवण हॉस्पिटलमध्ये अकरा वाजता होतं, उभ्याने, नऊ मिनिटांत. रिकामी भांडी ती ओट्यावर ठेवते, तेव्हा त्यांवरची झाकणंही उलटी असतात. मधला येता-जाता ती सरळ करतो. तो असं का करतो, हे तिने विचारलेलं नाही.

चार वाजता पुन्हा भूक. सहा वाजता पुन्हा. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई धाकटीला 'सरकारी गोदाम' म्हणतात, पण दार वाजलं की बिस्किटं काढून ठेवतात. भूक म्हटल्यावर आईचा हात चालतो. दुसरं काही म्हटलं, गुडघा खरचटला, शाळेत बाई रागावल्या, चित्र बघ, तर ती "हं" म्हणते आणि ते तिथेच राहतं. यात तिला कुणावर राग नाही, कंटाळाही नाही. विचारलं तर ती सांगते, "आत कापूस भरल्यासारखं आहे. दुखत नाही काही."

मग शाळेतून फोन गेला. पाळीत तिचा मोबाईल लॉकरमध्ये असतो, त्यामुळे तो शाळेत लिहून दिलेल्या दुसऱ्या नंबरावर गेला. तो नंबर तिच्या मोठ्या नणंदेचा. वर्गशिक्षिकेने सांगितलं की मधल्याने दोन मुलांचे डबे संपवले आहेत आणि धाकटी रोज दहा वाजता उपाशी आहे म्हणून रडते. शाळेच्या नर्सने तिघांची वजनं केली, ती मात्र कमी भरली नाहीत, उलट वाढलेलीच निघाली. वन्संनी वजनाचं सोडून दिलं आणि उपाशीचं तेवढं धरलं. त्यांचं औषधांचं दुकान आहे, मूलबाळ नाही, आणि भावाच्या मुलांवर जीव आहे.

"अगं, जगाला तू जेवायला घालतेस आणि घरची पोरं लोकांचे डबे पळवतात," त्या फोनवर म्हणाल्या. "मला दुकानात तोंड दाखवायला जागा नाही. मी धाकटीला घेऊन जाते. वर्ष संपेपर्यंत. मग बघू."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय बरं? नाही तरी म्हण. भांड तरी माझ्याशी."

"नाही, बरोबर आहे तुमचं."

वन्संचं गाव बसने सहा तासांवर आहे. एकदा गेलेली मुलगी वर्ष संपल्यावर परत येते की तिथेच शाळेत रमते, हे वन्सं बोलल्या नाहीत आणि तिने विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिने निळ्या पिशवीत धाकटीचे सात फ्रॉक, दोन स्वेटर आणि दात घासायचा ब्रश भरला. थोरली दारात उभी राहून बघत होती. "तुला काहीच वाटत नाही का गं आई?" तिने विचारलं. आईने ब्रशवर टोपण बसवलं आणि म्हणाली, "मोजे कुठे आहेत तिचे?"

रविवारचं काम आटोपून दुपारी ती घरी पोचली, तेव्हा वन्सं येऊन बसल्या होत्या. पायाशी निळी पिशवी. परतीची बस साडेपाचला होती.

"ये," वन्सं म्हणाल्या, जणू हे त्यांचंच घर होतं. "अर्ध्या तासात तिघांनी मिळून माझ्याकडे सहा वेळा खायला मागितलं. मी आणलेला केक संपला. डबासुद्धा चाटला तुझ्या लेकाने."

"आई, भूक," धाकटी म्हणाली.

"बघ. सातवी वेळ."

तिने बटाटे धुतले, गॅस पेटवला. वन्सं स्टुलावर बसून सगळं बघत राहिल्या. फ्रीज उघडला तेव्हा त्यांनी मान पुढे काढून आत पाहिलं. अंडी होती, दूध होतं, कोबी होता. त्यांना बहुधा फ्रीज रिकामा असणार असं वाटलं होतं. त्या जराशा गोंधळल्या.

ताटं आली, रांग लागली. "पुढचा," ती म्हणाली. धाकटीने बटाटे घेतले, अंडं घेतलं आणि पाव मागितला. पाव मिळाल्यावर ती टेबलाशी गेली नाही. सरळ दारामागच्या खुंटीकडे गेली, टाचा उंच केल्या आणि पावाचा अर्धा भाग आईच्या स्वेटरच्या खिशात कोंबला. खिशात सकाळचा तुकडा होता. तिने तो बाहेर काढून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा तू खाल्लाच नाहीस," ती म्हणाली.

आईच्या हातात डाव होता. तो तसाच राहिला.

"तू ठेवतेस तो?"

"मग कोण ठेवणार?" धाकटी वैतागून म्हणाली. "दादा ठेवतो पण त्याला खिसा सापडत नाही. त्याने बुटात ठेवला होता."

"बुटात पटकन दिसतो," मधला म्हणाला.

वन्सं मध्येच बोलल्या. "कशाला पण? आईला पाव कशाला?"

"आई उपाशी आहे ना," धाकटी म्हणाली. हे सगळ्यांना माहीत असायला हवं होतं, असा तिचा सूर होता. "ती जेवतच नाही. आणि आत्या, मी तुझ्याकडे आले तर पाव कोण ठेवणार? दादा विसरतो. ताई ठेवतच नाही. मग आई पण जाईल."

"कुठे जाईल?"

"बाबा गेले तिकडे. आधी पूर्ण, मग मऊ, मग पातळ, मग उपाशी. मग जातात."

कुकरची शिट्टी झाली. ती गॅसकडे वळली, बर्नर बंद केला, डाव पातेल्यात ठेवला. मग ओट्याला टेकून उभी राहिली.

"म्हणून तू भूक भूक करतेस?" तिने विचारलं.

"मी उपाशी राहत नाही," धाकटी म्हणाली. "मी दर वेळी खाते. शाळेत पण. दहा वाजेपर्यंत मधे खूप वेळ जातो."

"आणि तू?"

मधल्याने ताटातलं अंडं चमच्याने ढकललं. "मला भूक लागते," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "खाल्लं की बरं वाटतं. मग परत वाटतं की आता लागेल." नंतर आणखी हळू, "त्या झाकणांचं पण बरं नाही वाटत. बाबांच्या ताटावर उलटं ठेवायचीस असं तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस."

आपण हे कुणाला सांगितलं, ते तिला आठवेना. बहुतेक पाववालीला.

"मी सांगितलं होतं यांना," थोरली म्हणाली, "आई तिकडे हॉस्पिटलात जेवते म्हणून. पण खरं सांगायचं तर मी पण कधी बघितलं नव्हतं."

"अगं, मग विचारायचं ना मला," ती म्हणाली.

"काय विचारायचं? तू फक्त 'किती' विचारतेस. किती बटाटे, किती भात." थोरलीचा आवाज चढला होता. "दुसरं काही बोललं की तू झाकण टाकतेस."

वन्सं हसल्या, चुकून. आणि लगेच पदर तोंडाला लावला.

तिने खुर्ची ओढली आणि मुलांसमोर बसली. टेबलाशी ती आठ महिन्यांत बसली नव्हती. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो तिने आधी खाली ठेवला. मग पाळीतल्या नवीन बाईला समजावतात तसं एकेक करून सांगितलं. उपाशी हे कार्डावरचं नाव आहे. जेवायला मिळालं नाही, असा त्याचा अर्थ नाही. डॉक्टर म्हणतात, आता याच्या पोटाला त्रास होईल, तोंडाने देऊ नका. तेव्हा नळीतून देतात, हाताच्या शिरेतून. बाबांना भूक नव्हती. बाबा उपाशी होते म्हणून गेले नाहीत. आतला आजार मोठा होता म्हणून गेले. लाल कार्डवाली माणसं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी परत पिवळ्यावर येतात.

"किती?" मधल्याने विचारलं.

"दहातली आठ तरी."

"बाबा दोनातले?"

"हो."

त्याने ते ऐकून घेतलं. धाकटीने घेतलं नाही. तिला एवढ्या लांबणीचा उपयोग नव्हता.

"पण तू जेवत नाहीस," ती म्हणाली.

"अकरा वाजता जेवते. रोज. उभ्याने."

"आम्ही कुठे बघितलंय?"

ती उठली, चौथं ताट घेतलं, त्यात दोन बटाटे, भात आणि अंडं वाढलं आणि परत येऊन बसली. जेवू लागली. चव लागत नव्हती; गेले आठ महिने ती कशालाच नव्हती. बटाटा गरम आहे, एवढं कळत होतं. तिघं मुलं आणि एक नणंद तिच्या तोंडाकडे बघत होती. घास खाली उतरला की धाकटीची मान हलायची, बरोबर, पुढचा, अशी.

"पाव पण," धाकटी म्हणाली.

खिशातला ताजा अर्धा पाव आणून तिने ताटात ठेवला. आईने तोही खाल्ला. शेवटी ताट निपटून घेतलं आणि मुलीसमोर तिरपं करून दाखवलं.

मधला आपल्या ताटातलं अर्धं अंडं तसंच ठेवून उठला. वन्संनी ते पाहिलं. "काय रे, पोट भरलं?" त्यांनी विचारलं.

"हो बहुतेक," तो म्हणाला, स्वतःलाच पटत नसल्यासारखा.

पाच वाजले. वन्संनी घड्याळाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. नंतर बराच वेळ चहाचा कप पुसत बसल्या.

"तू जायचं का आत्याबरोबर?" त्यांनी धाकटीला विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"आई बघ काय म्हणते."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. पट्ट्यावर चार सेकंद मिळतात. इथे तिला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तिला."

आवाजात काही विशेष नव्हतं. झाकण ठेवल्यावर ट्रॉलीवाल्याला "ने" म्हणावं, तितकंच. पण वन्संना तेवढं पुरलं असावं. त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली.

"एक आठवडा बघते," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत येईन. ती पिशवी तशीच ठेव, कपडे बाहेर काढू नकोस. शाळेतून एकदा जरी फोन आला तरी मी ऐकणार नाही."

"बरं."

"परत बरं! जन्मभर 'बरं'च म्हणणार आहेस तू." दारात थांबून त्या मागे वळल्या. "आणि बसून जेव. माझा भाऊ पण उभ्यानेच खायचा. गाडीखालून बाहेर यायचा, दोन घास घ्यायचा, परत गाडीखाली." त्या आणखी काही बोलणार होत्या, पण जिना उतरू लागल्या. थोरली त्यांना बसपर्यंत सोडायला गेली.

पिशवी दारामागे राहिली. सहा वाजता धाकटी स्वयंपाकघरात आली. आईने सवयीने पातेल्याकडे हात नेला.

"भूक नाही," धाकटी म्हणाली. "सकाळी तू काय खातेस?"

"काही नाही. चहा."

"मग सकाळी उपाशी."

"सकाळी सगळेच..." ती थांबली. "पाव खाईन."

"मला दिसलं पाहिजे. मला उठव."

"अगं, चार वाजता उठते मी. अंधार असतो."

"दिवा लाव की," धाकटी म्हणाली.

तिने भांडी घासली. रिकामं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि त्यावर झाकण ठेवलं, उलटं. मधल्याने जाता-जाता ते सरळ केलं. या वेळी तिने त्याला तसं करताना पाहिलं.

पहिली बस पहाटे चार चाळीसला सुटते आणि पट्टा पाच दहाला सुरू होतो, त्यात बदल नाही. चौदा वर्षं चारला होणारा गजर तिने तीन पन्नासला लावला आहे. टेबलावर एक ताट पालथं घालून ठेवलं आहे, शेजारी गोल पाव, कागदात गुंडाळलेला.